चि. कुंदाचे नावे

माझी पहिली चूक दाखवायला आमच्या मोडीच्या सरांना सात आठवडे लागले.

चुका नव्हत्या असं नाही, पानापानावर होत्या. पण सरांचं वय अठ्ठावीस आणि माझं साठ. माझी वही हातात घेतली की ते आधी "वा, काकू!" म्हणत, मग पान उलटून "छान" म्हणत आणि दोन्ही हातांनी वही परत देत. शेजारच्या बाकावर पुरातत्त्व शिकणारी एक मुलगी बसायची. तिच्या वहीत मात्र लाल पेनाचे गोल, बाण आणि खाली "हे पान पुन्हा लिही". मला त्या पोरीचा हेवा वाटायचा.

वर्ग मोडी लिपीचा. पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर, शनिवारी आणि रविवारी सकाळी. जिना इतका उभा की गुडघ्यांची परीक्षा वर्गाआधीच होऊन जायची. २०२२च्या जूनमध्ये आम्ही अठरा जण होतो, त्यातले बारा पन्नाशी ओलांडलेले. एक निवृत्त तलाठी, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. मार्केट यार्डातला धंदा मुलाकडे सोपवलेले एक शेठजी. गणिताच्या एक बाई. एक इंजिनिअर, ज्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या मुळाक्षरांचा एक्सेलमध्ये तक्ता केला आणि तिसऱ्या दिवशी तो फाडून टाकला, कारण मोडीतला ‘र’ शेजारी कोण बसलंय ते पाहून रूप बदलतो आणि एका चौकटीत काही मावत नाही.

मी आले त्याचं कारण सांगायला हवं. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यातली मी एक. १९८३ साली ट्रंक एक्स्चेंजला, जिथून बाहेरगावचे फोन जोडून देत, ऑपरेटर म्हणून लागले होते. निवृत्तीनंतर दोन महिन्यांत टाळेबंदी आली, आणि ती उठेपर्यंत घरच्यांनी माझ्यासाठी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. हास्यक्लब, भजनी मंडळ, ऑनलाइन गीता. सून म्हणाली, "आई, काहीतरी शिका, मेंदू तल्लख राहतो." तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, पण शिकण्याचं असं मेथीदाणे करून टाकलं की माझं मन उडतं. रात्री भिजवा, सकाळी चावून खा, साखर आटोक्यात. मला कशासाठी तरी शिकायचं नव्हतं. मला एक वही वाचायची होती.

वही अण्णांची, म्हणजे वडिलांची. बार्शीत एका आडत दुकानात ते दिवाणजी होते. लाल कापडी बांधणीची लांबोडकी वही, आतली अक्षरं मोडीतली. अण्णांचा जन्म १९२९चा. त्यांच्या शाळेत मोडी होती. आमच्या वेळेपर्यंत ती शाळेतून गेली होती, पण अण्णांच्या बोटांतून गेली नव्हती. दुकानाची रोजकीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, पुढे बाळबोधीत (देवनागरीत) लिहायला लागले तरी घरची वही मोडीतच. लहानपणी मी त्या पानांकडे बघून "अण्णा, मुंग्या कुठं चालल्या?" म्हणायची आणि ते हसायचे. एका मे महिन्यात त्यांनी पाटीवर आडवी रेघ ओढून मला जवळ बोलावलं होतं. मला बाहेर बिट्ट्या खेळायच्या होत्या. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. २००९ साली ते गेले, आणि दादाच्या घराचं रंगकाम निघालं तेव्हा वही माझ्याकडे आली.

मोडी शिकताना पहिला धक्का बसतो तो रेघेचा. देवनागरीत आपण अक्षर काढतो आणि डोक्यावर रेघ देतो. मोडीत उलटं. आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि मग अक्षरं त्यांना टांगत जायचं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. हात शक्यतो उचलायचा नाही. सगळा खटाटोप वेगासाठी. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, ओळ संपली तर शब्दाचं धड वर आणि पाय खालच्या ओळीत. वेलांटी एकच, उकार एकच. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. (हे कळलं तेव्हा गणिताच्या बाई म्हणाल्या, "आमच्या शाळेत हे असतं तर मी मराठीतही पहिली आले असते.") भरीला संक्षेप. ‘राजश्री’चं नुसतं ‘राा’, ‘मुक्काम’चं ‘मुाा’. लिहिणाऱ्याची बोटं वाचली, वाचणाऱ्याचे डोळे गेले.

आणि मग तारखा. जुन्या पत्रांत सुहूर सन, म्हणजे तेव्हाची वर्षगणना, येतो तो अंकांत नाही, अरबी शब्दांत. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. त्यात पाचशे नव्व्याण्णव किंवा सहाशे मिळवले की इसवी सन. बारा पांढरी डोकी माडीवर बसून एका सुरात "सित, सबा, समान, तिसा" म्हणताहेत, हे दृश्य खालच्या चहावाल्याला इतकं आवडलं की तो कपबशा घ्यायला मुद्दाम वर येऊन थांबायचा. आमच्यातल्या निम्म्यांनी लहानपणी पावकी-निमकी घोकलेली. पाठांतराची लाज नव्हती. पण रात्री पाठ केलेलं सकाळी चहा होईपर्यंत निम्मं सांडलेलं असायचं, हेही खरं. माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच पावसाळ्यात झालं. पट्टी निघाल्यावर ‘त’ आणि ‘न’ माझ्याकडे नव्याने बघायला लागले.

पहिल्या दिवशी ‘ध’ चा ‘मा’ निघतोच. कुणीतरी विचारतंच, की सर, आनंदीबाईंनी खरंच ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं का? सर म्हणाले, नारायणरावांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ला, एवढं पक्कं. तो कागद आणा, मग अक्षर बघू. मला हे उत्तर फार आवडलं. ते देताना सर कुणाला काका-काकू म्हणाले नाहीत.

तर लाल शाई. सातव्या आठवड्यात शेठजींचा संयम सुटला. त्यांच्या वहीवर नेहमीप्रमाणे "छान, काका" पडल्यावर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, फी घेतली ना पूर्ण? मग माल पण पूर्ण द्या. चुका काढा." सर इतके ओशाळले की त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "तुम्ही वडिलांच्या वयाचे, लाल पेन मारायला हात होत नाही." गणिताच्या बाईंनी आपल्या पर्समधून लाल पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. तीस वर्षं तेच काम केलेलं पेन. त्या दिवशी माझ्या एका पानावर सतरा चुका निघाल्या. मी ते पान घरी नेऊन फ्रिजवर लावलं. नातवाने मोजून खात्री करून घेतली.

यावर मी नंतर बराच विचार केला. म्हाताऱ्या माणसाला शिकताना पाहिलं की लोकांना पहिलं सुचतं ते कौतुक. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात आजीबाईंची शाळा आहे. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ला सुरू केलेली. गुलाबी नऊवारी, पाठीवर दप्तर, साठ ते नव्वद वयाच्या बायका. त्या शाळेचे फोटो मला कुठून कुठून यायचे आणि प्रत्येकाखाली "सो क्यूट". कामं आवरून दुपारी येऊन बसणारी, जन्मभर अंगठा उठवलेली बाई ‘ग’ गिरवते आहे, ती गोड दिसावी म्हणून नाही. तिला सही करायची आहे. तिचा ‘ग’ चुकला असेल तर तिला तेच सांगायला हवं.

केरळच्या कार्त्यायनी अम्मांचं नाव ऐकलं असेल. २०१८ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्या साक्षरता परीक्षेला बसल्या आणि शंभरात अठ्ठ्याण्णव मिळवून राज्यात पहिल्या आल्या. सगळ्यांनी अठ्ठ्याण्णवाचं कौतुक केलं. मला त्या कापलेल्या दोन गुणांचा आनंद झाला. शहाण्णव वर्षांच्या बाईचा पेपर कुणीतरी नीट वाचला, दोन ठिकाणी थांबला आणि कापले. याला मान देणं म्हणतात.

आमच्या बाजूनेही एक गोष्ट होती, ती हळूहळू ध्यानात आली. पुरातत्त्ववाली मुलगी अक्षरं आमच्या चौपट वेगाने ओळखायची. पण एका जुन्या बाजारपट्टीत तिने "सरकी" हा शब्द बरोबर वाचला आणि विचारलं, "सरकी म्हणजे? काय सरकलं?" शेठजींनी कपाळावर हात मारला. "अगं, कापसाचं बी. म्हशीला पेंड घालतात ती कशाची?" तिने कापूस पाहिला होता, सरकी पाहिली नव्हती. तिला हमाली-तोलाई माहीत नव्हती. पायली, अदमण, खंडी ही मापं तिने पुस्तकात वाचलेली. भाऊसाहेबांनी ती आयुष्यभर सातबाऱ्यांवरून फिरताना लोकांच्या तोंडून ऐकलेली. मोडी वाचताना निम्मं काम अक्षराचं, निम्मं अंदाजाचं. इथे काय लिहिलेलं असू शकेल, हे ज्याला ठाऊक तोच तुटलेलं अक्षर जोडतो. मला तर हे काम जुनंच होतं. ट्रंक लाइनवर खरखरीतून अर्धं नाव ऐकू यायचं, गाव कळलं की उरलेलं आपण भरायचो. बार्शीहून बोलणारा ‘बा’ म्हणून अडकला तर आडनाव बारंगुळे किंवा बारबोले असणार, हे विचारावं लागत नसे.

पण अंदाजाला एक खोड असते, आणि ती भाऊसाहेबांनी आधीच सांगून ठेवली होती.

२०२३च्या दिवाळीच्या सुमारास आमचा वर्ग एकाएकी भरला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली होती, जिल्ह्याजिल्ह्यांतून जुनी दप्तरं निघत होती आणि त्यातली कितीतरी मोडीत. मोडी वाचणारा माणूस, ज्याला कालपर्यंत घरचे "तुमची ती किडामुंगी" म्हणत होते, तो अचानक कामाचा झाला. तरणी पोरं कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या), शाळेच्या रजिस्टरच्या झेरॉक्स घेऊन जिना चढून यायची. "आजोबांच्या नावापुढे काय आहे तेवढं सांगा." एकाच्या कागदावर नेमक्या त्याच जागी कसर लागली होती. पोरगा काकुळतीला आला होता. भाऊसाहेबांनी भिंग फिरवून फिरवून पाहिलं आणि कागद परत दिला. "बाळा, मला दिसत नाही. तुला जे हवंय ते मी वाचू शकतो, पण ते इथं लिहिलेलं आहे असं म्हणू शकत नाही." पोरगा गेल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "असेल ते वाचायचं. हवं ते नाही."

मी मान डोलावली. आणि बरोबर दोन महिन्यांनी तेच केलं.

अण्णांची वही मी तोवर कुणाला दाखवली नव्हती. आपलं आपण वाचायचं, असा हट्ट. २०२४च्या संक्रांतीच्या आसपास एका पानाच्या मथळ्यावर मी अडकले आणि सुटलेही: "चि. कुंदाचे नावे". खाली रकमा. तीन रुपये, साडेबारा, सव्वादोन. अण्णांच्या लेखी १९५७चे नवे पैसे आलेच नव्हते. सव्वा, दीड, पावणेदोन ते उभ्या रेघांनीच मांडायचे. १२॥ म्हणजे साडेबारा. मला भडभडून आलं. अण्णांचा पगार केवढा, त्यात त्यांनी माझ्या नावे पैसे टाकले होते! कुठे टाकले असतील? पोस्टात? मी दादाला फोन केला, मुलाला सांगितलं, वन्संना सांगितलं. दोन दिवसांत ही गोष्ट घरात पक्की झाली.

शनिवारी वही वर्गात नेली. शेठजींनी चष्मा कपाळावर सारला, पान हातभर लांब धरलं आणि एका क्षणात म्हणाले, "ताई, ही खतावणी आहे."

"हो ना, माझ्या नावे—"

"नावे म्हणजे तसं नाही. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. नावे टाकलं म्हणजे तुमच्या खात्यावर काढलं. खर्च. तुमच्याकडून येणं आहे ते."

वर्गात शांतता पसरली. सर घाईघाईने म्हणाले, "काकू, अक्षर तुम्ही अगदी बरोबर वाचलंत." बिचारे. जुन्या सवयीने मऊ झाले.

घरी येऊन पान पुन्हा पाहिलं. आता शब्द सुटायला लागले, कारण कुठे काय असणार हे कळलं होतं. तीन रुपये: पाटी, दप्तर. साडेबारा: परकराचं कापड आणि शिलाई. सव्वादोन: सोलापूर, एस.टी. भाडं, माझा कान फुटला होता, तिथल्या डॉक्टरकडे नेलं होतं ते असणार. दुकानात जसं प्रत्येक शेतकऱ्याचं खातं, तसं अण्णांनी घरातल्या प्रत्येकाचं पान उघडलं होतं. मातोश्री. चि. दत्ता. चि. कुंदा. आईचं नव्हतं. आईचा खर्च ‘घरखर्च’ या खात्यात गेला होता. तेल, मीठ, पोस्टकार्ड यांच्यात. त्यावर मी पुष्कळ वेळ थांबले.

दादाचं पान नऊ पानं चाललं. पुणे, होस्टेल, मेस, ड्रॉइंग बोर्ड, पुन्हा मेस. माझं दोन पानांत संपलं. शेवटची नोंद टायपिंग क्लासची फी. हे मला नवं नव्हतं. दादाला इंजिनिअर करायचं आणि मला मॅट्रिकनंतर टायपिंग, हे घरात ठरलं तेव्हा मी तिथेच भाकऱ्या थापत होते. पण आकड्यांत कधी पाहिलं नव्हतं. राग आला, आणि तो अण्णांच्या इतक्या सुंदर वळणदार हस्ताक्षरावर आला, हे जरा विचित्र होतं.

जमेची बाजू मी त्या रात्री पाहिलीच नाही. कोरी असणार असं गृहीत धरलं होतं. पाहिली ती आठवड्याने. दादाची कोरीच होती. माझ्या पानावर १९८३च्या दिवाळीनंतर दर महिन्याला एक ओळ: "पुण्याहून मनीऑर्डर", पुढे रक्कम. शंभर. शंभर. एका महिन्यात साठ. तेव्हा मी आजारी होते वाटतं. लग्न होईपर्यंतच्या सगळ्या ओळी. मी पाठवत होते हे मला आठवत होतं, अण्णा लिहीत होते हे माहीत नव्हतं. खतावणीत पानाच्या शेवटी जमेतून नावे वजा घालून बाकी काढतात. दुकानाच्या वहीत अण्णांनी ती एकदाही चुकवली नसेल. इथे काढलेली नाही. मी पेन घेऊन बसले होते, बेरीज करायला. केली नाही.

सरांना मी त्या दोन पानांचं लिप्यंतर करून दिलं. त्यांनी चार चुका काढल्या, लाल पेनाने, ठळक. एका ठिकाणी त्यांनी नुसतं प्रश्नचिन्ह केलंय. माझ्या ‘नावे’ बाजूला १९७१च्या ओळींत पाच रुपये आहेत, आणि पुढे शब्द आहे ‘शा’ने सुरू होणारा, पुढच्या अक्षरावर तेलाचा डाग. मी ‘शाई’ लिहिलं होतं. सरांचं म्हणणं, पाच रुपयांची शाई नऊ वर्षांच्या मुलीला कशाला? गणिताच्या बाई ‘शाल’ म्हणतात. शेठजी म्हणाले, १९७१ला पाच रुपयांत शाल आली तर ती मला दाखवा. पुरातत्त्ववाली मुलगी डागाखाली काना दिसतो म्हणते, म्हणजे ‘शाळा’, पण मग फी वेगळ्या ओळीत का? दादाला विचारलं, त्याला आठवत नाही. भाऊसाहेबांनी अजून पान हातात घेतलेलं नाही. ते गावी गेलेत, येत्या शनिवारी येतील. मी त्यांना सांगून ठेवलंय की येताना मोठं भिंग आणा.